बॅटरी काढण्याआधी कोड लिहून घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या वर्तमानपत्रात गाडीची निगा कशी राखावी याची चौकट येते. टायरमध्ये हवा किती ठेवावी, कूलंट कुठल्या रेघेपर्यंत असावे, उन्हात उभी गाडी उघडल्यावर आधी काचा खाली कराव्यात, असे सगळे त्यात असते. बॅटरीवरही दोन ओळी असतात. पण बॅटरी काढली की गाडीतल्या संगणकाचे काय होते, यावर एक ओळही माझ्या वाचनात आलेली नाही. आणि नागपुरात एप्रिल ते जून माझ्यासारख्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानावर सगळ्यात जास्त डोकेफोड याच गोष्टीवरून होते. नंदनवनात माझे लहानसे दुकान आहे. अँबेसेडर आणि पद्मिनीच्या वायरिंगवर हात बसवला, आता स्कॅनर घेऊन बसतो, म्हणजे दोष पकडल्यावर गाडीचा संगणक जो कोड लिहून ठेवतो तो वाचणारे यंत्र. त्यामुळे दोन्हीकडचे थोडेफार कळते, एवढ्या अधिकाराने लिहितो.

आधी बॅटरीचे. २३ मे २०१३ ला आपल्या शहरात ४७.९ अंशांची नोंद झाली होती. ते सावलीतले तापमान. चालून आलेल्या गाडीच्या बोनेटखाली हात घालून बघा, म्हणजे बॅटरी कशात नांदते ते कळेल. उष्णतेने आतल्या प्लेटा लवकर झिजतात, पाणी उडते. बॅटरीला मारतो उन्हाळाच, पण बऱ्याचदा ती जीव सोडते पहिल्या पावसात नाहीतर डिसेंबरच्या गारठ्यात, आणि नाव पावसाचे होते. असो. इथे बॅटरी लवकर बदलावी लागते, म्हणून तिची दुकाने जोरात चालतात. फोन केला की पोरगा मोटारसायकलवर बॅटरी घेऊन घरी येतो, दहा नंबरच्या पान्याने जुनी काढतो, नवी बसवतो, सेल्फ मारून दाखवतो आणि जातो. त्याच्या पान्यात काही खोट नाही. खरा घोळ तो गल्लीच्या कोपऱ्यावर वळल्यावर सुरू होतो.

म्हाळगीनगरच्या एक शिक्षिका आल्या होत्या. गाडी जेमतेम दारात उभी राहिली आणि तिथेच बंद पडली.

"काका, बॅटरी नवी टाकली अन् गाडीच बिघडली. सिग्नलवर थांबली का बंद. एसी लावला का तर हमखास."

"दुसरीकडे दाखवली का?"

"दाखवली ना. ते म्हणाले ईसीएम उडाला, गाडीचा कॉम्प्युटर. अठरा हजार सांगून राहिले."

मी म्हटले, "मॅडम, चाबी द्या अन् बसा. चहा सांगतो."

एसी, पंखा, टेप, दिवे सगळे बंद केले. चाबी ऑनवर आणून तशीच ठेवली, सेल्फ मारला नाही. बोनेटखालून थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेच्या, मोटरचा बारीक किर्र आवाज आला आणि थांबला. मग सेल्फ मारला. आरपीएमचा काटा पाचशेवर पडायचा, हजारावर उडी मारायचा, पुन्हा खाली. इंजिन आता मरते की मग मरते अशी अवस्था. बाईंनी ॲक्सिलरेटर दाबा म्हणून खूण केली, मी मान हलवली. पाय लावायचाच नव्हता. हळूहळू काट्याची उडी लहान झाली. रेडिएटरचा फॅन सुरू होऊन बंद झाला, पुन्हा सुरू झाला, आणि काटा साडेसातशेच्या आसपास बसला. मग एसी लावला. काटा दचकला, सावरला, थोडा वर जाऊन थांबला. एसी बंद करून, लावून पुन्हा बघितले. हेडलाइट लावले. स्टिअरिंग उभ्या गाडीत दोन्हीकडे पूर्ण फिरवले. इंजिन टिकून होते. अठरा हजारांचा ईसीएम चहा संपेपर्यंत बरा झाला.

"तुम्ही केलं काय काका?"

"काहीच नाही. गाडीला शिकू दिलं."

तर हे शिकणे म्हणजे काय, ते सांगतो. इंजिनच्या संगणकात, ज्याला कुणी ईसीएम म्हणते कुणी ईसीयू, कंपनीने भरलेला मूळ प्रोग्राम असतो. तो बॅटरी काढल्याने जात नाही, चाबीची ओळखही जात नाही. पण त्याच्या जोडीला त्याने चालता चालता केलेल्या नोंदी असतात. या नोंदी बऱ्याच गाड्यांत बॅटरीकडून चोवीस तास मिळणाऱ्या किंचित करंटवर टिकलेल्या असतात. करंट तुटला की त्या गेल्या.

या नोंदी कशाच्या? एक हवेची. थ्रॉटलच्या झडपेभोवती वर्षानुवर्षे कार्बन बसतो आणि झडप बंद असताना जी बारीक फट राहते ती बुजत जाते. संगणक ते ओळखून झडप केसभर जास्त उघडी ठेवायला शिकतो, म्हणून तुम्हाला काही जाणवत नाही. बॅटरी काढली की तो पुन्हा कोऱ्या गाडीच्या मापाने झडप उघडतो. पण गाडी कोरी नसते, कार्बन तिथेच असतो. हवा कमी पडते, इंजिन गचके खाते. त्यात एसीचा कंप्रेसर लागला की बंदच. बाईंच्या गाडीत हेच चालले होते. जुन्या, केबलच्या थ्रॉटलच्या गाड्यांत हेच काम एक छोटी हवेची व्हॉल्व्ह करते, पण कथा तीच.

दुसरी नोंद पेट्रोलची. शुद्ध पेट्रोल नीट जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते. सायलेन्सरच्या पाइपात बसवलेला ऑक्सिजन सेन्सर जळणानंतर ऑक्सिजन किती उरला ते साधारण ०.१ ते ०.९ व्होल्टच्या भाषेत सांगत राहतो आणि संगणक त्यावरून इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते ठरवतो. रोजच्या अनुभवावरून तो एक कायमची दुरुस्ती लिहून ठेवतो, अमुक टक्के जास्त, तमुक टक्के कमी. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. इथेनॉलला हवा लागते सुमारे ९ पटच, म्हणजे तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावे लागते. जुन्या पेट्रोलच्या मापावर बेतलेल्या गाडीचा संगणक ही वाढ आपली आपण शिकलेला असतो. बॅटरी काढली की तेही पुसले, आणि पहिले काही किलोमीटर गाडी जरा सुकी, पिकअप नसल्यासारखी वाटते. इथेनॉल चांगले की वाईट हा वाद नागपुरात काढला तर चहा पुरत नाही, म्हणून तो सोडतो.

सीएनजी किट बाहेरून बसवलेल्या गाड्यांत ही शिकवणी पेट्रोलवर करा. इंजिन गरम होऊन स्थिरावले की मगच गॅसवर टाका. डिझेलवाल्यांना उभ्या गाडीत इंजिन अडखळण्याचा हा त्रास फारसा होत नाही.

आणखी बारीकसारीक: घड्याळ जाते, टेपला कोड लागत असेल तर तो मागतो, एका बोटाने पूर्ण वर जाणारी काच अर्ध्यात थांबते (बटण वर ओढून काच लागल्यावरही काही सेकंद धरून ठेवा, बहुतेक गाड्यांत जमते), स्टिअरिंगचा पिवळा दिवा लागतो तो दोन्हीकडे पूर्ण फिरवल्यावर किंवा थोडे चालवल्यावर जातो. सिग्नलवर आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत ती सोय काही काळ काम करत नाही, कारण नव्या बॅटरीची ताकद तिला अजून कळलेली नसते. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, आणि ती गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात असते. ते पुस्तक डॅशबोर्डच्या खणात प्लास्टिकच्या पिशवीत तसेच पडलेले असते.

सांगायचे हे की बॅटरी बदलल्यावर गाडी अडखळली तर लगेच बिघाड समजू नका. वरच्या पद्धतीने तापू द्या, मग कधी रिंग रोडवर एका वेगाने, कधी महालाच्या गर्दीत थांबत-थांबत चालवा. सावरते. नाही सावरली तर थ्रॉटल साफ करावे लागेल आणि त्यानंतर काही गाड्यांत स्कॅनरनेच नव्याने शिकवावे लागते. त्याचे पैसे रास्त आहेत, मीही घेतो. आमचा स्कॅनर फुकट आलेला नाही. पण ईसीएम उडाला म्हणणाऱ्याला एवढेच विचारा की कुठल्या कोडवरून म्हणता. कोड सांगता येत नसेल तर चाबी परत मागा.

इथपर्यंत गैरसमजाची गोष्ट झाली. आता जी खरोखर खटकते ती. बॅटरी काढल्याने नोंदी पुसल्या जातात हे आता सगळ्यांना कळले आहे आणि त्याचा औषधासारखा वापर सुरू झाला आहे. डॅशबोर्डवर इंजिनचा पिवळा दिवा लागला? बॅटरी काढ, अर्धा तास ठेव, लाव. दिवा गेला. झाले काम.

एक गिऱ्हाईक वर्धा रोडने बुटीबोरीला कामाला जातो. गाडी जुनी, २०११ ची पेट्रोल. मे महिना, दुपार. खापरीजवळ चालती गाडी एकदम बंद पडली. सेल्फ फिरतो, इंजिन उठत नाही. रस्त्यावरच्या मेकॅनिकने बोनेट उघडले, बॅटरीचा मायनस काढला, म्हणाला कॉम्प्युटर हँग झाला भाऊ, रीसेट मारतो. अर्ध्या तासाने तार लावली, सेल्फ मारला, गाडी टुणकन सुरू. दिवाही गेला. पैसे घेतले. बुटीबोरीच्या अलीकडे पुन्हा तेच. यावेळी गिऱ्हाईक भाऊंनी स्वतःच तार काढली, अर्धा तास थांबले, गाडी पुन्हा सुरू! त्यांचा रीसेटवर असा विश्वास बसला की पाना सीटखाली ठेवूनच फिरू लागले.

माझ्याकडे गाडी आली तेव्हा स्कॅनर लावला. आत काहीच नाही. असणार कसे, दर वेळी भाऊच पुसत होते. मग गाडी उन्हात लावली, बोनेट बंद, इंजिन चालू, एसी लावलेला, आणि वाट बघत बसलो. बराच वेळ काही झाले नाही. शेजारच्या पंक्चरवाल्याने विचारून घेतले की आज दुसरे काम नाही का. मग इंजिन खटकन बंद. आता कोणी टर्मिनलला हात लावायचा नाही. पोराला सेल्फ मारायला लावून मी स्कॅनरवर बघत राहिलो. इंजिन सेल्फवर घरघर फिरत होते आणि पडद्यावर आरपीएम शून्य. कोड आला पी ०३३५, क्रँकचा सेन्सर. इंजिनचा दांडा फिरतो आहे हे संगणकाला सांगणारा हा सेन्सर गरम झाला की आतून तुटत होता आणि थंड झाला की पुन्हा जुळत होता. सेन्सरला त्या अर्ध्या तासात बरे केले ते थंडाव्याने. तार काढली नसती, नुसते बोनेट उघडून झाडाखाली उभे राहिले असते तरी गाडी सुरू झालीच असती. सेन्सर बदलला, पाना सीटखालून डिकीत गेला.

हे ट्रकच्या पुढ्यात, ओव्हरटेक करताना झाले असते तर? पहिल्या दिवशी त्या मेकॅनिकने पुसण्याआधी कोड वाचला असता तर काम त्याच दिवशी संपले असते.

कारण संगणक नुसता दिवा लावत नाही. दोष पकडला त्या क्षणाची एक नोंद तो ठेवतो: आरपीएम किती, वेग किती, पाण्याचे तापमान किती, इंजिनवर भार किती. आम्हा लोकांना यासारखी दुसरी मदत नाही. गाडी मेडिकल चौकात बंद पडते म्हणून माणूस सांगतो. नोंद सांगते की वेग शून्य होता आणि पाणी ११२ अंशांवर होते. म्हणजे फॅन बघ. दोन मिनिटांत रिले सापडतो. बॅटरी काढली की हा पुरावा गेला, आणि मग अंदाजाने आज हा सेन्सर बदल, उद्या तो बदल. अंदाजाचे पैसे गिऱ्हाईकच देतो.

आठवत असेल, मे २०२४ च्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रावर ५६ अंश दिसले होते आणि देशभर आपले नाव झाले होते. हवामान खात्याने आकडा पुसून टाकून विषय संपवला नाही. केंद्र तपासले, आजूबाजूच्या नोंदींशी ताडून बघितले आणि सेन्सरचा दोष असल्याचे सांगितले. गाडीच्या सेन्सरला एवढाच मान द्या, जास्त मागत नाही.

दिवा स्थिर लागला असेल तर गाडी सावकाश गॅरेजपर्यंत नेता येते. लुकलुकत असेल तर मात्र इंजिन मिसिंग करते आहे आणि न जळलेले पेट्रोल पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या डब्यात, जाऊन जळते आहे. त्या डब्यात प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम असले धातू असतात. काहीशे रुपयांच्या स्पार्क प्लगचे काम तार काढून टाळायचे आणि नंतर तो डबा बदलायचा, हा हिशेब मी डोळ्यांनी बघितला आहे. लुकलुकणारा दिवा दिसला की ॲक्सिलरेटर सोडा, बाजूला घ्या.

आणि नव्या गाडीवाल्यांनो, तुमच्याकडे तर हा इलाजही चालत नाही. बऱ्याच नव्या गाड्यांत कोड आणि शिकलेली मापे अशा मेमरीत असतात की बॅटरी रात्रभर काढून ठेवली तरी हलत नाहीत. घड्याळ तेवढे जाते. आपल्याकडे धुराच्या बीएस-४ नियमांतल्या गाड्यांना दोष पकडून कोड ठेवणारी ही व्यवस्था २०१० पासून लागू झाली, २०१३ पासून तिचा दुसरा, जास्त कडक टप्पा आला, आणि १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६. दर पायरीला संगणक जास्त लक्षात ठेवू लागला आहे. इलाज मात्र अजून २००५ चाच चालू आहे.

जुन्या गाड्यांच्या बाजारात या विसरण्याचा जो धंदा होतो, त्यावर थोडे लिहितोच. वाठोड्याचा एक मुलगा २०१६ ची गाडी घ्यायला निघाला होता. इसार देण्याआधी मला घेऊन गेला. गाडी चकाचक, सीटला अत्तर. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही. मी स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला स्कॅनर लावला. कोड नाही. पण स्कॅनर आणखी दोन गोष्टी सांगतो, ज्या फारसे कोणी बघत नाही: कोड पुसल्यापासून गाडी किती चालली आणि त्यानंतर इंजिन कितीदा गरम झाले. अंतर होते चौदा किलोमीटर. कन्व्हर्टरची स्वयंतपासणी 'अपूर्ण'.

"बॅटरी नवीन टाकली ना भाऊ कालच, त्याच्यामुळं," विकणारा म्हणाला.

हे शक्य आहे. नव्या बॅटरीनेही असेच दिसते, म्हणून नुसत्या आकड्यावरून कोणाला चोर म्हणू नये. मी बोनेट उघडले. बॅटरीच्या प्लसवर पांढरा-हिरवा खार चढलेला, जुना, टणक, वर धूळ. मायनसच्या नटाच्या कडा मात्र पान्याने ताज्या घासलेल्या, चकचकीत. नवी बॅटरी टाकणारा प्लसला हात न लावता कशी टाकेल? मी बोललो काहीच नाही, मुलाला फक्त बोट दाखवले. त्याने गाडी एक दिवस चालवायला मागितली, कुरकुर करत मिळाली. कोराडीपर्यंत नेली, आणली. काही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली तेव्हा येताना दिवा लागला: पी ०४२०, कन्व्हर्टर नीट काम करत नाही. बरेच कोड असेच असतात. दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसला तरच दिवा लागतो, म्हणून पहिल्या चकरेत गाडी साधू वाटते. सौदा मोडला.

मालकी बदलताना फॉर्म २९ भरतो, ३० भरतो, विमा बघतो, पीयूसी बघतो. पीयूसीत नळीतून निघणारा धूर मोजतात, संगणकाला कोणी काही विचारत नाही. माझ्या मते सौद्याच्या कागदांत स्कॅनरचा एक कागद असायला हवा, कोडसकट आणि पुसल्यापासूनच्या अंतरासकट. हे सरकारने करावे का, मला माहीत नाही; सरकारी म्हटले की आणखी एक खिडकी. विकत घेणाऱ्याने मागितला तरी पुरे. फोनला जोडायचे छोटे स्कॅनर काहीशे रुपयांपासून मिळतात आणि सर्वसाधारण कोड वाचण्यापुरते चालतात.

आमच्या धंद्यातल्या भावांकडे मागणी एकच आहे. बॅटरीला पाना लावण्याआधी स्कॅनर लावा, जे कोड असतील ते बिलावर लिहा, नसतील तर 'कोड नाही' असे लिहा. दोन मिनिटांचे काम आहे. यात तुमचाही फायदा: उद्या गिऱ्हाईक म्हणाला की तुम्ही बॅटरी टाकल्यापासून दिवा लागला, तर बिल दाखवता येईल. ज्यांना जमेल त्यांनी बॅटरी बदलताना त्याच सॉकेटमधून बाहेरचा बारा व्होल्टचा पुरवठा द्यावा, म्हणजे गाडी काही विसरतच नाही. सिगारेट लायटरच्या सॉकेटमधून देऊ नका, बऱ्याच गाड्यांत चाबी बंद केली की ते तुटते. पुरवठा चालू असताना गाडीच्या प्लसच्या तारेत करंट असतो हे लक्षात ठेवा, तिला फडके गुंडाळा. आयटीआयमधल्या मास्तरांनी मुलांना हे पहिल्या वर्षीच शिकवावे. पोरे कोड पुसायला आधी शिकतात, वाचायला नंतर.

एक जुनी सवय तर सोडाच, आणि हे मी माझ्या वयाच्या उस्तादांना सांगतो आहे. गाडी चालू ठेवून बॅटरीचे टर्मिनल काढायचे आणि इंजिन चालू राहिले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर चांगला म्हणायचे. डायनामोच्या काळात ते खपून गेले. आता अल्टरनेटर भरात असताना बॅटरी बाजूला केली की लाइनमध्ये क्षणभर शंभर व्होल्टच्या घरातला झटका येऊ शकतो, आणि मग खरोखरच ईसीएम उडतो. मल्टिमीटर लावा. इंजिन बंद असताना चांगल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास, चालू असताना बहुतेक गाड्यांत १३.८ ते १४.५ दिसले की अल्टरनेटर ठीक.

पत्र लांबले आहे, कल्पना आहे. जागा नसेल तर इथेनॉल काढा, वाठोड्याची गाडी काढा, उस्तादांचे काढले तरी ते मला दुकानावर येऊन शिव्या देणार नाहीत, उलट बरे. पण पुढच्या ओळी कापू नका, कारण आपले वाचक पत्र वाचून स्वतःच पाना घेऊन बसणार.

चाबी काढून खिशात ठेवा, दारे लावा, पाचेक मिनिटे थांबा, म्हणजे आतले सगळे संगणक झोपतात. काढताना आधी मायनस, मग प्लस. लावताना आधी प्लस, शेवटी मायनस. गाडीचे सगळे पत्र्याचे अंग मायनसला जोडलेले असते, त्यामुळे मायनस लागलेला असताना प्लसवरचा पाना बोनेटच्या कडेला टेकला तर पाना लाल होतो आणि हात भाजतो. मायनस आधी सुटलेला असेल तर टेकला तरी काही होत नाही. अंगठी, कडे, मनगटी घड्याळ काढून ठेवा. टर्मिनलवर खार असेल तर गरम पाणी ओता, कोरडे करा, हलणार नाही असे आवळा. निम्म्या तक्रारी ढिल्या टर्मिनलच्या असतात. आणि छापताना प्लस-मायनस उलटे होणार नाही एवढे एकदा कोणाला तरी बघायला सांगा.

आपला नियमित वाचक,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन
नंदनवन, नागपूर

(नाव छापू नये. म्हाळगीनगरच्या मॅडम ओळखतील, तेवढे पुरे.)